गैबीचा उजवा कान

उद्यमनगरात नबीलाल मिस्त्रीची शेड दोन गोष्टींवर चालायची. थोरल्या नबीलालचा हात आणि धाकट्या गैबीचा कान. हात कामाला वाघ होता, पण डोकं फिरलं की पान्याऐवजी माणसावर चालायचा. भडक डोक्याचा गडी, दुसरं काय! गैबी रबरी नळीचं एक टोक उजव्या कानाला लावायचा, दुसरं इंजिनावर फिरवायचा आणि नेमका रोग सांगायचा. तो कान गेला तर शेडला कुलूप, हे नबीलालला पक्कं ठाऊक होतं.

शहाऐंशी साली उचगावच्या बाळासो ठेकेदाराची विलायती गाडी शेडवर आली. टर्बोवाली. म्हणजे धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. काम उरकलं तोवर खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी मिस्त्री कुठल्या धर्माचा हे कोण विचारतंय? पाने, घण, लेथ, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, ही तिथली रीत. नबीलालनं गाडीलाही हार घातला. वाऱ्यानं उडू नये म्हणून बॉनेट उघडून, हवा ओढायच्या नळीच्या तोंडाला गच्च गुंडाळला आणि गाडी धाडून दिली.

दसरा झाला आणि बंद गाडी ओढत आणून बाळासो चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊनच शेडमध्ये घुसला. चंदगडच्या घाटात गाडीनं शीळ घालायला सुरुवात केली होती, मग धापा टाकत पावण्यांदेखत बसली होती.

"टर्बो खाल्लास माझा! आज तुझा हात मोडूनच जातो!"

पहिला दणका बाकावर बसला, दुसरा नबीलालच्या खांद्यावर. नबीलाल कळवळला. सगळी गल्ली गोळा झालेली. बाळासोवर हात टाकायची छाती नव्हती, आणि आतली आग तर कुठंतरी ओकायचीच होती. तो गर्रकन भावाकडं वळला.

"पाइपाची क्लिप ह्यानंच आवळल्याली!"

आणि दिली ठेवून कानफटात. गैबी बाकावर आदळला, खाली पडला. नबीलालनं वर पेकाटात लाथही घातली. कुणीतरी ओरडलं, "आरं, मरंल की त्यो!" तेव्हा कुठं तो थांबला. गैबीच्या उजव्या कानातनं रक्ताची धार मानेवर उतरली होती.

"क्लिप घट्टच हाय, भाई," गैबी उठत म्हणाला. "गाडी चालू कर."

नबीलालनं किल्ली फिरवली. गैबीनं नळी सवयीनं उजव्या कानाला लावली. थबकला. मग डाव्या कानाला लावली.

गैबीनं नळी टर्बोवरनं फिरवली, सांध्यांवरनं फिरवली. "पंखा घासत न्हाय. हवा कुठं गळत बी न्हाय. हवा मिळंनाच झालीया हिला." त्यानं हवा ओढायच्या नळीच्या तोंडात बोटं घातली आणि ओढून काढला, काळा पडलेला, चोळामोळा झालेला झेंडूचा हार. बाकीचा चुरा फिल्टरवर थापला होता.

हार कुणी घातला, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. बाळासो टॉमी टाकून थुंकला. "आरं हरामखोरा, भावाला मारलंस की रं!"

डॉक्टरनं पडदा फाटल्याचं सांगितलं. नबीलाल भावापुढं गाल करून रडला, "मार मला, गैब्या, मार!" गैबी म्हणाला, "त्यानं ऐकू येतंय व्हय?" शेड डाव्या कानावर कशीबशी चालली. पुढं वर्षभर नबीलाल बोलायला त्याच्या डाव्या बाजूला जायचा. आणि सांगायला लाज वाटते, हात तरीही भावावर दोनदा उठलाच.

पुढची खंडेनवमी आली. गैबीनं पाने मांडले, घण मांडला, हळदीकुंकू वाहिलं. एक हार उरला. त्यानं नबीलालचा उजवा हात धरून पान्यांच्या रांगेत ठेवला, त्यावर कुंकू लावलं, हार घातला.

"ह्ये काय रं?" नबीलालनं विचारलं.

"पुजलंय न्हवं," गैबी म्हणाला. "आज तरी चालवू नगंस, भाई."

नबीलालनं दिवसभर तो हात उचलला नाही. दुपारी बायकोनं, जरीनानं, त्याला घास भरवले.