वाढत्या अंगाचं इंग्लंड

लाहू मास्तर आधी मुलाच्या पायाचं माप घेतात आणि मग त्याच्या बापाच्या पायांकडे बघतात. तलासरी नाक्यावरच्या त्यांच्या दुकानात शाळेची पँट शिवायला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. बाप उंच असला तर पँटीच्या आत चार बोटं कापड जास्त, बुटका असला तर दोन. एखादी आई मध्येच म्हणते, "मास्तर, ह्याचं मामा लई उंच हाय." मास्तर दातातला दोरा न काढता म्हणतात, "मग मामाला पण घेऊन ये."

जास्तीचं कापड आत दुमडायचं आणि तुरपाई घालायची. तुरपाई त्यांची बायको जानी घालते. मुलगा वाढला की टाके उसवायचे, पँट लांब. जुन्या घडीची रेघ मात्र राहते, कितीही धुवा. आमच्या शाळेत मुलाच्या पँटीवरच्या रेघा मोजल्या की तो कितवीत आहे ते कळतं. नापास झालेला तर लांबूनच ओळखू येतो.

मास्तरांचा सगळा धंदा ह्या एका गोष्टीवर उभा आहे. त्यामुळे गेल्या डिसेंबरात आमचे मुख्याध्यापक एकनाथ सर दुकानात येऊन उभे राहिले तेव्हा मास्तरांची मशीन थांबली. एकनाथ सर प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द दोनदा बोलतात, पहिल्यांदा आपल्याला आणि दुसऱ्यांदा स्वतःला.

"मास्तर, समितीत विषय आलाय. पुढल्या वर्षीपासून गणवेश रेडिमेड. काय? रेडिमेड."

"कुठला रेडिमेड?"

"वापीची कंपनी आहे. आता मी तुमच्या बाजूने बोलीन. पण बोलायला काहीतरी हातात पाहिजे ना? हातात. संमेलनाचे ड्रेस तुम्ही शिवताय. ते वेळेवर आणि बरोब्बर आले, तर मी सांगतो समितीला, बघा, आपला माणूस काय शिवू शकतो. शिवू शकतो!"

सर गेले. जानी म्हणाली, "शाळेचा काम गेला तर आपण काय करायचा? नुसतं खिसं शिवायचं?" मशीनवर अर्धवट असलेली पँट मास्तरांनी उलटी केली, आतलं कापड बोटांनी मोजलं आणि पुन्हा सुलटी केली.

संमेलनाचा विषय वसुमती बाईंनी काढला होता: 'जगभरची मुलं आणि त्यांच्या पँटी'. बाई डहाणूहून येतात, त्यांचे मिस्टर रेल्वेत आहेत, आणि बाईंना दर वर्षी काहीतरी वेगळं करायचं असतं. आदल्या वर्षी वेगवेगळ्या ढगांचा नाच होता. सूत्रसंचालन मुलींमधून माझ्याकडे, म्हणून मास्तरांना फोटो दाखवायला मीही बाईंबरोबर गेले.

बाईंनी मोबाइल पुढे केला. "हे बघा मास्तर, इंग्लंड. साधारण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं."

फोटोत बर्फ होता. बर्फात एक मुलगा, अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी आणि खाली हाफ पँट.

मास्तरांनी चष्मा चढवला. "ह्याचा वय किती?"

"असेल दहा-अकरा."

"थंडी नाय वाजत?"

"अॅक्च्युअली वाजत असणार. पण तिकडे तशी पद्धत होती. मुलगा मोठा झाला की मगच फुल पँट."

"मग वरती एवढा कोट दिला, त्यातला अर्धा कापड खाली द्यायचा ना." मास्तरांनी फोटो बोटांनी मोठा केला, मग इकडे सरकवला, तिकडे सरकवला. "ह्याचा बाप दिसत नाय."

"बाप कशाला पाहिजे?"

मास्तरांनी जानीकडे बघितलं. जानीने खांदे उडवले.

दुसरा फोटो अमेरिकेचा, त्याहून जुना. पँट गुडघ्याच्या खाली आवळलेली, वर फुग्यासारखी, आणि त्याखाली लांब मोजे. मास्तरांनी आवळलेल्या कडेवर बोट ठेवलं. "बाई, ही हाफ का फुल?"

"मधली."

"मधली म्हणजे? शिवता शिवता टेलर जेवायला गेला?"

"नाही हो! लहान मुलांना हाफ, मोठ्या माणसांना फुल, आणि ह्या वयाला ही. गुडघ्याखाली बक्कल लावायचं."

"म्हणजे पोरगा वाढला तर बक्कल खाली सरकवायचा?"

बाईंनी मोबाइलवर शोधलं. तिथे तसं काही लिहिलं नव्हतं. "असेल," बाई म्हणाल्या, आणि इथून पुढे बाईंचंही डोकं गरगरायला लागलं असावं, कारण तिसरा फोटो त्यांनी आधी उलटा दाखवला. तो जर्मनीचा, चामड्याची चड्डी आणि छातीवर पट्टे. चामडं कुठून आणायचं? जीपच्या सीटा शिवणाऱ्याकडे तपकिरी रेक्झिन उरलं होतं, ते आणायचं ठरलं. चौथ्या फोटोत एक कुरळ्या केसांचं मूल फ्रॉक घालून उभं होतं.

"ही कोण?" जानीने विचारलं.

"ही नाही, हा. मुलगा आहे. फार पूर्वी युरोपात लहान मुलग्यांना फ्रॉकच घालायचे. मग पाच-सहा वर्षांचा झाला की पहिली पँट. त्या दिवशी घरात कार्यक्रम करायचे म्हणे."

"पँटीचा बारसा?" मास्तर म्हणाले.

"तसंच समजा."

फ्रॉकवाला देश कार्यक्रमातून निघाला, कारण आठवीपासून दहावीपर्यंत एकही मुलगा तयार झाला नाही. उरले तीन. इंग्लंड तुषार, अमेरिका सुकऱ्या, जर्मनी उमेश. तिघेही नववीतले, मिशा फुटायला लागलेले.

मापं द्यायला तिघे गेले तेव्हा मास्तरांनी नेहमीप्रमाणे त्यांच्या बापांना बोलावलं. तुषारचा बाप तलासरी ते चारोटी जीप चालवतो, तो गाडी रस्त्यातच उभी करून आला. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चार बोटं." मागे जीपमधली माणसं हॉर्न वाजवत होती.

ड्रेस वेळेवर आले. बाईंनी हँगरवर पाहिले तर हुबेहूब फोटोसारखे. इंग्लंड गुडघ्याच्या वर, अमेरिका गुडघ्याखाली फुगलेली. एकनाथ सरांनी कापड चिमटीत धरलं आणि म्हणाले, "उत्तम. उत्तम." चार बोटं कापड आत ठेवलंय हे मास्तर कशाला सांगतील? बटण लावलंय हेही कोणी सांगत नाही. आणि खरं तर चार नव्हतीच. हाफ पँटीचं फुलपर्यंत न्यायचं तर चार बोटांनी काय होणार, म्हणून मास्तरांनी हातभर कापड आत घड्या घालून ठेवलं होतं. वर जानीने कच्चा टाका घातला होता, ओढला की निघेल असा. पुढे मला जानीने समजावलं, "एका दिसासाठी पँट कोण शिवतो, बाय? नाच झाला की पोऱ्या घरी नेल. मग लग्नात घालल, बाजारात घालल. तवा हाफ घालल काय एवढा घोडा?"

संमेलनाच्या संध्याकाळी मैदान भरलेलं होतं. पाहुणे, पालक, पुढे खुर्च्यांवर समितीची माणसं. समितीतल्या तुळशीताई सगळ्यात पुढे. मास्तर आणि जानी कडेला बाकावर. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते स्टेजकडे न बघता समितीकडे बघत होते.

पडद्यामागे वेगळंच चाललं होतं. हे मला नंतर कळलं, सुकऱ्याकडून. हाफ पँट घालून अख्ख्या शाळेपुढे, त्यातही मुलींपुढे जायचं म्हणून तिघांचे चेहरे पडले होते. तुषार पँट खाली ओढत होता. ओढता ओढता टाका तुटला आणि एक घडी खाली आली. तुषार बघतच राहिला.

"ए, आत अजून आहे!"

"किती?"

"लय आहे रे. संपतच नाय."

मी बाहेर माईक धरून वाचत होते: "इंग्लंडमध्ये कडाक्याच्या थंडीतही मुलांचे गुडघे उघडे असत. पाहा हा इंग्लंडचा मुलगा!"

तुषार आला. पँट थेट बुटांपर्यंत, पायावर चार आडव्या घड्या, खाली धागे लोंबताहेत. वर कोट, मफलर, टोपी. पँटीच्या बाबतीत इंग्लंडला काहीही थंडी वाजत नव्हती.

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी कागदाकडे बघितलं. कागदावर गुडघे उघडे होते. मी पुढचं वाचलं: "आणि ही अमेरिका, ना हाफ ना फुल!" सुकऱ्या आला, फुल. त्याचं बक्कल घोट्यावर आलं होतं आणि फुगा मध्येच मावळला होता. जर्मनीच्या रेक्झिनची घडी एका पायाची सुटली, दुसऱ्याची नाही, त्यामुळे उमेश एका बाजूने जर्मन आणि एका बाजूने काय ते कोणालाच सांगता येईना. वसुमती बाई पडद्याआडून मला हातवारे करत होत्या. वर म्हणत होत्या की खाली, कळत नव्हतं. एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, "हे सगळं एकाच गावचं काय?"

कार्यक्रम संपल्यावर एकनाथ सर बाकापाशी आले. "मास्तर, हे काय केलंत? केलंत?"

मास्तरांनी तुषारला जवळ बोलावलं, खाली वाकून पँटीची कड हातात घेतली. ओढून तोडलेले टाके त्यांना दिसलेच असणार. तुषार मागे सरकायला लागला. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, कापड चांगला उतरला."

बास, एवढंच.

समितीची मीटिंग झाली. तुळशीताई म्हणाल्या, लाहूची पँट माझ्या दोन्ही पोरांनी घातली, एकामागून एक. बाकीचे म्हणाले, ताई, तुम्ही इंग्लंड बघितलं ना? रेडिमेड मंजूर झालं.

जूनमध्ये वापीहून गठ्ठे आले. बरोबर कंपनीचा माणूस आला, तो मराठी बोलताना प्रत्येक गोष्टीला बेस्ट म्हणतो: "कापड बेस्ट, चेन बेस्ट, वॉश करा, कलर नाय जाते, बेस्ट." पँटी खरंच छान होत्या, चकचकीत, एकही रेघ नाही. गणपतीपर्यंत छान होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत आली तर सगळ्यांचे घोटे बाहेर. आया पँटी घेऊन मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी पँट उलटी केली. आत काहीच नव्हतं. पुन्हा सुलटी करून पुन्हा उलटी केली. मग म्हणाले, "ह्याच्या आत कोणी विचारच नाय केला."

उपाय एकच, खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडायची. तसंच्या तसं कापड मिळेना. तिन्ही देश संमेलनानंतर दुकानातच येऊन पडले होते, कारण तिघांनीही ते घरी न्यायला नकार दिला होता. मास्तरांनी आधी इंग्लंड कापलं, मग अमेरिका. आमच्या शाळेच्या निळ्या पँटींना खाली राखाडी पट्टी लागली, काहींना चौकड्याची. रेक्झिनची लावून घेणारा एकच निघाला, तो चालताना वाजतो.

आता घोळ असा झालाय की पट्टी बोर्डीच्या शाळेतल्या मुलांनीही पाहिली, आंतरशालेय कबड्डीत, आणि त्यांना ती फॅशन वाटली. एकनाथ सर प्रार्थनेला रांगेतून फिरतात, पायांकडे बघतात आणि "हे गणवेशात बसतं का? बसतं का?" असं म्हणत पुढे जातात. गणवेशात बसत नाही, पण बिनपट्टीचे आता एवढे थोडे उरलेत की तेच चुकलेले वाटतात. कंपनीच्या माणसाने तर फोटो काढून नेला. त्याला कळेना की हे डिझाइन शाळेने बदललं की कंपनीनेच.

मी मास्तरांना विचारलं, "मग शाळेचं काम तुमचं गेलं की राहिलं?"

"मला काय कळत नाय, बाय," मास्तर म्हणाले. "घोट्यापर्यंत वापी हाय. त्याच्या खाली मी."

तेवढ्यात तुषार आला. आता दहावीत. हातात पँट, नवीकोरी. "मास्तर, पट्टी लावा."

मास्तरांनी पँट त्याच्या कमरेला लावली. बरोबर बुटांपर्यंत येत होती. "आखूड कुठे झाली? वाढला तर नायस तू."

"आखूड नाय. पट्टी पाहिजे फक्त. सगळ्यांना आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे वाढला नाय, तरी पट्टी?"

"हो."

"मग लांब होल. पायात येल."

"वर दुमडीन ना."

मास्तर तुषारकडे बघत राहिले, मग रस्त्याकडे, त्याचा बाप जीप घेऊन कुठे दिसतोय का ते शोधत. जानी आतून म्हणाली, "लावा तुम्ही. त्या अमेरिकावाल्यांना मधली कशाला ते कोणी विचारला होता काय?"

मास्तरांनी उरलेल्या इंग्लंडातून एक पट्टी कापली. कापता कापता थांबले, आणि नेहमीच्या सवयीने तिच्यात चार बोटं कापड आत ठेवलं.