उसना आवाज

गालेआत्सो वाचायला उभा राहिला आणि एर्सीलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याची शवपेटी समोर, आणि त्याच्याबद्दल बोलायला कोण, तर हा! पहिल्याच वाक्याला चर्चमध्ये हुंदके सुरू झाले. शेजारची कसाईण तिच्या कानाशी कुजबुजली, "ऐक गं, अगदी ओरेस्तेच बोलतोय!"

म्हणे ओरेस्तेच! चाळीस वर्षं ओरेस्ते रोमच्या सिनेमात राबला. दरोडेखोर झाला, बिशप झाला, जर्मन कप्तान झाला, एकदा तर झगा घालून खाष्ट म्हातारीही झाला. द्याल ते सोंग वठवायचा. आवाज मात्र घोगरा, डोंगरातल्या गावाकडचा. तो कुणाला चालेना. "तू नुसते आकडे म्हण, आवाज मागाहून चिकटवू," दिग्दर्शक सांगायचे. मरणाऱ्या बापाचं भाषणही त्याने आकडे मोजत केलं. लोक ढसाढसा रडले आणि कौतुक झालं मागाहून आवाज देणाऱ्या गालेआत्सोच्या गोड गळ्याचं. बारमध्ये कुणी म्हणे, "ओरेस्ते, ते बापाचं बोलून दाखव ना." तो बोलला की तोंडं वाकडी. "छे, सिनेमात बरा बोलतोस!" मग घरी येऊन तो ताटावर राग काढायचा.

शेवटच्या सिनेमात त्याचाच आवाज ठेवायचं कबूल केलं होतं. बिचाऱ्याने सिगारेट सोडली, आरशासमोर घोकलं, जाऊन आवाज रेकॉर्डही करून आला. पडद्यावर त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो गालेआत्सोच. निर्मात्याने साधं कळवलंसुद्धा नाही. निर्लज्ज मेले! ओरेस्ते पुन्हा थिएटरची पायरी चढला नाही.

"बस्स!" एर्सीलिया उठून उभी राहिली.

"बाई, बसा," पाद्री हळूच म्हणाले.

"का बसू? जिवंतपणी त्याचं तोंड दाबलंत, मेल्यावरही त्याच्या तोंडी हाच? माझा नवरा असा बोलत नव्हता!"

"मग कसा बोलायचा गं?" कसाईणीने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

एर्सीलियाने हनुवटी छातीला टेकवली आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं, "एक... दोन... तीन..."

कुणीतरी हसलं. गालेआत्सोने हातातला कागद खाली केला. आठवर ती थांबली.

मागच्या बाकावरून सिनेमात त्याची रंगभूषा करणारी म्हातारी झेलिंडा रडत ओरडली, "थांबू नकोस गं! तो वीसपर्यंत जायचा!"