थांबा हं, येतंय

उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायचा, नजर त्या हातावर लावायची आणि म्हणायचं, "थांबा हं, येतंय." तिला काहीही विचारा, आधी हे व्हायचंच. मग उत्तर यायचं. कधी पाच सेकंदांत, कधी विचारणारा उठून गेल्यावर.

पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "चहा घेणार का गं?" हात टेबलावर गेला. "थांबा हं, येतंय." मला वाटलं, हिला कुणाचा फोनबिन येतोय की काय! माझा चहा पिऊन झाला तेव्हा ती म्हणाली, "घेईन. अर्धा. बिनसाखरेचा. आणि कपात नको, ग्लासात. हात शेकायला बरं पडतं, इथं एसी फार आहे." मला हसू आवरेना. पण खरं सांगा, तुम्ही तरी चहाचा इतका विचार केलाय का कधी? आपण "चालेल, कसाही" म्हणतो आणि समोर येईल तो ढोसतो.

आमचं ऑफिस वाशीला, घाऊक बाजारासमोर, तिसऱ्या मजल्यावर. खाली कांद्याचे ट्रक, आणि वर आम्ही मोबाइलवरचे गोष्टीचे खेळ बनवत बसलेलो. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्यांना. पडद्यावर एक पात्र उभं असतं, खाली त्याचं वाक्य उमटतं, मग तुमच्यासमोर दोन-तीन उत्तरं येतात. त्यातलं एक दाबायचं. दाबाल तशी गोष्ट वळते. मी जन्मभर शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली आणि पन्नाशी उलटल्यावर या तरुण मंडळींत मराठी संवाद लिहायला येऊन बसले. ती सव्वीस-सत्तावीसची असेल. माझी वाक्यं एकमेकांना जोडायची, कुठल्या उत्तराला कुठली वाट फुटते ते बसवायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या खेळांतली बुजरी पात्रं पाहिलीत कधी? नसतील पाहिली तर सुखी आहात. झाडून सगळ्या पोरी एका साच्यातल्या. केस डोळ्यांवर, गाल लालभडक, हातातली पुस्तकं धपकन खाली पडलीच पाहिजेत. बोलणं "म-म-मी" असं. मग एक टिपटॉप हिरो येणार, दोन गोड शब्द टाकणार, की लगेच बाईसाहेब केस मागे घेऊन चुरूचुरू बोलायला लागणार! झाला खेळ. एकदा असाच कुणाचा तरी खेळ पुरा खेळून ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, शेवटी ती बरी झाली असं लिहिलंय. पण ती आजारी कधी होती?"

आमच्याही खेळात तसं एक पात्र होतं, जुई. खाडीकाठच्या कॉलेजात शिकणारी, कुणाशी न बोलणारी. आणि मी तरी काय दिवे लावले? मीही पहिल्या खेपेला तिच्या तोंडी "म-म-मला" घातलं. दुसऱ्या दिवशी कागद परत आला, सगळे "म-म" पेन्सिलीनं खोडलेले. "अडखळत नाही ती, ताई. शोधत असते. नीट शब्द शोधायला वेळ लागतो ना?" दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली, माझी कुणी काढली की मी पेटते. पण यावर काय बोलणार, कप्पाळ! मी मुकाट्यानं सगळं नव्यानं लिहिलं.

आमचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे, पण सगळे म्हणतात म्हणून मीही सर म्हणायचे. त्यांचा हुकूम होता की प्रत्येक उत्तराला पाच सेकंद. वर एक पट्टी सरकत जाते, ती संपायच्या आत बोट पडलं नाही तर डाव गेला. तिनं जुईपुरती ती पट्टी काढून टाकली आणि एक जास्तीचं उत्तर घातलं: "काही बोलू नका, थांबा." ते दाबलं की वीस सेकंद काहीच होत नाही. खाडी दिसते, एक बगळा पाय बदलतो. मग जुई आपणहून बोलते. ते वाक्य मी लिहिलेलं नाही, तिचं आहे. "तू थांबलास. बाकीचे माझं वाक्य स्वतःच पुरं करतात आणि जातात."

वाचून मला गलबलून आलं. सर म्हणाले, "यार, लोकांना वाटेल गेम हँग झाला! काढ ते." तिचा हात टेबलावर गेला, पण ती बोलायच्या आत सर पलीकडच्या टेबलावर पोचलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते उत्तर कापलं गेलं आणि पट्टी परत आली.

ती घणसोली गावातली, मूळची तिथलीच. भावाच्या हळदीला तिनं मला बोलावलं होतं. दारात मांडव, डीजेनं कान फुटायची वेळ, अख्खी आळी नाचतेय, आणि ही एका कोपऱ्यात पाटावर बसलेली. मी म्हटलं, एकटी पडली बिचारी. बघते तर तिच्यापुढे रांग! एक पोरगी रडून काही सांगत होती, एक म्हातारी आपला गुडघा दाखवत होती, आणि ही सगळ्यांचं मान खाली घालून ऐकत होती. तिची आई मला ताटाला बसवताना म्हणाली, "बाय, माजी पोर मुकी नाय हाय. तिला बोलाला वेल लागतंय, येवरंच." आईला हे इतकं साधं कळतं, आणि शिकलेल्या लोकांना कळू नये?

आता मला माझंच पाप सांगायचंय. जुईच्या तोंडी "थांबा हं, येतंय" हे वाक्य मी घातलं. तिला न विचारता. प्रेमानं घातलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. वाटलं, तिला आवडेल, हसेल जरा.

ते वाक्य बोलणारी नटी मिळायला अवकाश होता. आमच्याकडे अशा वेळी कच्चा आवाज लावतात. ऑफिसातल्याच कुणाचा तरी तात्पुरता आवाज भरायचा, खरा आला की बदलायचा. आवाजाचं काम बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्यानं डोकं चालवलं. दर सोमवारी आमची सभा व्हायची. प्रत्येकानं उभं राहून एका मिनिटात आपलं काम सांगायचं, सर मोबाइलवर वेळ लावणार, आणि घरून काम करणाऱ्यांसाठी सगळं रेकॉर्ड होणार. त्या रेकॉर्डिंगांत तिचं "थांबा हं, येतंय" ढिगानं होतं. त्यानं त्यातलं एक उचललं आणि जुईच्या तोंडी बसवून टाकलं. मग बदलायचं विसरला. ही चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते, आणि ती माफही केली असती एक वेळ.

पण खेळात पैसे घालणारे बाहेरचे पाहुणे तो बघायला आले. मोठा पडदा, सगळं ऑफिस गोळा. जुई पडद्यावर आली आणि स्पीकरमधून आवाज आला तो हिचा. अस्सल हिचा, तो बारीक श्वास, ती टाळूला लागलेली जीभ, सगळ्यासकट. "थांबा हं… येतंय." खोली हसली. आणि सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? मी. ओळखीचा आवाज कानावर पडला आणि हसू फुटलं. मग मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात टेबलावर पालथा होता आणि बोटं पांढरी पडली होती.

पाहुणे खूश. "ये बेस्ट है, यही रखो!" झालं! कच्चा आवाज पक्का झाला.

तिनं सरांना पत्र लिहिलं, तीन ओळींचं. जुईचा आवाज माझा आहे. मला विचारलं नव्हतं. काढून टाका. यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! सर म्हणाले, "अरे, एवढं काय टेन्शन घेते? कॉम्प्लिमेंट आहे ही! आणि ऑफिसातलं रेकॉर्डिंग ऑफिसचं असतं, तशी सही केलीय सगळ्यांनी." वर म्हणाले, "तरी तुला वाटत असेल तर सोमवारी सगळ्यांसमोर मांड."

म्हणजे बघा. जिला बोलायला वेळ लागतो तिनं, ज्या सभेतून तिचा आवाज चोरला त्याच सभेत, एका मिनिटात आपला आवाज परत मागायचा!

सोमवारी ती उभी राहिली. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. ते नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं, कारण मागे कुणीतरी आधीच फिसकन हसलं होतं. सगळे मोबाइलकडे बघत होते. मिनिट भरलं, फोन वाजला. "ओके, नेक्स्ट," सर म्हणाले. नेक्स्ट मी होते. आयुष्यात मला बोलायला कधी वेळ लागला नाही, रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना विचारा. त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "सहावा भाग झाला, सातवा चालू आहे." आणि खाली बसले. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण तेच कारण होतं.

ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

माझं डोकं फिरायला आठवडा लागला, पण फिरलं ते फिरलंच. पुढच्या सोमवारी मी सरांच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, "आज मी बोलणार, आणि संपेल तेव्हा संपेल. तिचा आवाज काढा. नाहीतर शेवटचा भाग कुणाकडून लिहून घ्यायचा तो घ्या, आणि आजवरचं माझं प्रत्येक वाक्यही काढून टाका!" आणखीही पुष्कळ बोलले, ते इथं लिहिता येणार नाही. शेवटच्या भागावाचून त्यांचं अडलं होतं. संध्याकाळपर्यंत आवाज निघाला. मोबाइल परत घेताना सर म्हणाले, "ताई, एवढं होतं तर त्याच दिवशी बोलायचं ना!" त्या माणसाचं तेवढं एकच बोलणं मला आजवर खोडता आलेलं नाही.

त्या शनिवारी मी घणसोलीला गेले. ती बाहेरच्या खोलीत होती. मी सांगितलं, "काढला गं तुझा आवाज. पूर्ण काढला. आणि माझंही चुकलं, फार चुकलं." मग मी तोंड मिटलं. म्हटलं, आता घे हवा तेवढा वेळ, अंधार पडला तरी मी बसून राहीन.

"थँक्यू, ताई," ती म्हणाली. लगेच.

मी दचकले. तिचा हात पाहिला, तो मांडीवर ओढणीखाली होता.

"परत येशील कामाला?"

"नाही."

"दुसरीकडे बघतेयस?"

"हो, बघतेय. होईल काहीतरी."

फटाफट, तुमच्या-माझ्यासारखी. ऑफिसात मी हे सांगितलं तर सर म्हणाले, "अरे वा, सुधारली की!" पाण्याची बाटली माझ्या हातात होती, फेकली नाही एवढंच.

चहाचं मात्र मी तिथं कुणाला सांगितलं नाही. त्या शनिवारी मी तिच्या घरून निघायच्या बेतात होते तेव्हा तिची ती नवी वहिनी आतून आली. घरात येऊन तिला दोन-तीन महिनेच झाले होते. दारातून तिनं विचारलं, "दिदी, चाय घेशील ना? कसा करू?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिले.

"चालेल, कसाही," ती म्हणाली.

चहा आला. काठोकाठ भरलेला कप, चांगला गोड. समोरच्या फळीवर ग्लास ओळीनं मांडलेले होते. तिनं कप उचलला आणि सगळा पिऊन टाकला.