उलटं फिरणारं चाक

नारायण पेठेतल्या शिवणवर्गात मी गेले ती स्वतःला फार हुशार समजून. बाईंनी पायाच्या मशीनमध्ये दोराच घातला नाही. वर्तमानपत्राचा कागद दिला आणि म्हणाल्या, "रेघेवरून चालव." एवढंच ना, म्हणून मी पाय मारला. चाक उलटं फिरलं आणि कागद माझ्याच अंगावर आला.

टाच आणि चवडा यांचा ताल चुकला की चाक मागे पळतं. मी रोज 'टाच, चवडा' असं पुटपुटत बसायचे, तरी ते उलटंच. शेवटी बाई म्हणाल्या, "उद्या डोकं घरी ठेवून ये." केवढा अपमान वाटला. तेव्हा मला डोकं असल्याचा गर्व होता. पुढे पुराव्याअभावी तो सोडावा लागला. मग एका दुपारी, मैत्रिणीशी कुजबुजताना, पाय आपोआप चालू लागला. कसा, ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं. ह्यांच्या मते झटक्याने जागा चुकीची निवडली. उजवा पाय मात्र परक्यासारखा वागू लागला. हळूहळू काठी सुटली, पण मशीनवर बसायचं मी टाळत होते. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणायची, "आजी, अशा सवयी मेंदू वेगळ्या जागी जपून ठेवतो. बसून तर बघा." बसलं नाही तोवर 'मला येतं' असं म्हणता तरी येत होतं.

एका सकाळी, मांजरी गावात घेतलेल्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत, मशीनवर बसलेच. उशीचा अभ्रा सुईखाली सरकवला, पायाकडे बघत टाच दाबली, चवडा दाबला. चाक उलटं. पुन्हा उलटं.

ज्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही ते हे शेजारी उभे. "आधी टाच दाब."

"तुम्ही शिकवू नका."

"मी कशाला शिकवू? लग्नानंतर मला पायजमा शिवलास तो आठवतोय मला. दोन्ही पाय डावे."

"दोन्ही डावे नव्हते. तुम्ही वाकडे उभे राहिला होतात."

"दिवसभर?"

"स्वभावच तसा. आणि घातलात ना वर्षभर?"

"फक्त घरात. दार लावून."

मी पुढचं बोलणार, तेवढ्यात हे वाकून माझ्या पायाकडे बघू लागले. चाक सरळ फिरत होतं. उशीच्या अभ्र्याची शिवण निम्म्यावर आली होती.

थांबायचं धाडस होईना. अभ्रा संपला तशी कडेची चिंधी ओढून सुईखाली सरकवली. तीही संपली.

"थांब आता," हे हळूच म्हणाले.

थांबले. श्वास घेतला, गॅलरीबाहेर बघितलं आणि पाय दाबला. सरळ.

"पायजम्याचं कापड आणा," मी म्हटलं. "या वेळी एक उजवा."