रक्त वर चढताना

"आता बोलायचं नाही. बघायचं." इम्प्लांटची काचेची कुपी उघडण्याआधी मॅडम हे म्हणायच्याच. माजिवड्याच्या त्यांच्या छोट्या डेंटल क्लिनिकमध्ये मग आम्ही शिकाऊ मुली श्वाससुद्धा हळू घ्यायचो.

तुम्ही दाताचा इम्प्लांट कधी पाहिलाय? हाडात बसवायचा एवढासा टायटॅनियमचा स्क्रू. मला वाटलेलं, चकचकीत असेल. तो राखाडी, खरखरीत निघाला.

"मुद्दाम करतात तसा," मॅडम म्हणाल्या. "आधी बारीक कणांचा मारा, मग अ‍ॅसिड. तुझे बाबा काय करतात गं?"

"प्लास्टरचं काम." डेंटल कॉलेजात मी हे सहसा सांगत नसे.

"मग मी काय शिकवणार तुला! टाचे मारून खरखरीत केल्याशिवाय काँक्रीटवर प्लास्टर धरतं का? हाडाचंही तसंच."

एकदा बाळकुमचे एक आजोबा खुर्चीत होते. मधुमेहामुळे त्यांचं हाड भरायला वेळ लागणार, म्हणून मॅडमनी हाडात लवकर धरणारा हाच प्रकार निवडला होता. कुपी पुढे करताना माझं ग्लोव्हचं बोट स्क्रूच्या आट्यांना लागलं. तिथे काहीच लागू द्यायचं नसतं. कुणी पाहिलं नव्हतं. सांगितलं तर मॅडम उद्यापासून येऊ नकोस म्हणतील, अशी भीती वाटली. पण हाड आजोबांचं होतं.

"मॅडम, माझं बोट लागलं."

त्यांनी तो स्क्रू बाजूला ठेवला. "दुसरा दे. सावकाश."

दुसरा स्क्रू हाडातल्या भोकाला टेकला आणि रक्त आपोआप आट्यांवरून वर चढू लागलं. जणू त्याला वाट ठाऊक होती. मॅडमचा हात थांबला. इतकी वर्षं हेच काम करूनही त्यांचे डोळे मोठे झाले.

"बघ, बघ, कसा ओढून घेतोय!"

तोंड उघडं ठेवूनच आजोबांनी "आं?" केलं.

नंतर हात धुताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "बोलली नसतीस तर मला कळलं नसतं. त्यांच्या हाडाला कळलं असतं."

दोन महिन्यांनी हाडाने स्क्रू घट्ट धरलाय का हे तपासायला त्यांनी पाना माझ्या हातात दिला. स्क्रू जरासुद्धा हलला नाही.

"पोरी, आजून जोर लावशील तं मीच खुर्चीतना उठून येन," आजोबा म्हणाले. मॅडमना हसू आवरेना.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आजोबा माझ्याआधीच येऊन बसले होते. त्यांनी गालावर बोट ठेवलं.

"डाक्तरीणबाय गेली. पन तिचा काम माजे हाडान हाय."