निदान काय, अक्का?

बेंगळुरूला आले तेव्हा मला धावण्याशिवाय काही येत नव्हतं. शाळा नववीतच सुटलेली. कानडी तर सोडाच, हिंदी बोलतानाही अडखळायचे. आमच्या डोंगराकडच्या एका शर्यतीत इथे धावपटू तयार करणाऱ्या सरांनी मला पाहिलं आणि म्हणाले, पावसाळ्यापर्यंत ठेवून बघतो. जमलं तर हॉस्टेल, जेवण, बूट आणि पुढेमागे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. नाही जमलं तर परतीची गाडी. म्हणून मी बॅग रिकामी केलीच नाही. लागेल तो कपडा खाटेखालच्या बॅगेतून ओढून काढायचे, धुऊन वाळला की परत आत.

आमच्या गटात मराठी बोलणारी एकच होती, अक्का. चिकपेटमागच्या गल्लीत तिचं घर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण माझ्या कानाला ती वेगळीच लागायची. "काय करालीस? जेवलीस काय? स्वल्प भात घे की." देशाच्या शिबिरांत राहून आलेली, दहा हजार मीटर धावणारी बाई मला भात वाढतेय, याचंच दडपण यायचं.

सकाळी कब्बन पार्कात आम्ही जोडीनं धावायचो. कठीण सरावाच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायची धाव असायची. मी पुढे, अक्का मागे. मागून तिचा आवाज यायचा, "निदान, निदान." पुढे काहीच नाही. मी वाट बघायचे. निदान काय? निदान त्या वळणापर्यंत? निदान त्या पोरांच्या पुढे? मोठ्या माणसाला विचारायचं कसं? मग मीच मनात वाक्य पुरं करायचे, निदान एवढं तरी धावून दाखव, आणि वेग वाढवायचे. मागून पुन्हा, जरा जोरात, "अगं, निदान." मी आणखी सुटायचे.

ती स्वतः मात्र रमतगमत यायची. फिरायला येणारे पोट सुटलेले काका तिला मागे टाकून जायचे आणि कानडीत काहीतरी टोमणा मारायचे. एकदा तिनंच मला अर्थ सांगितला. "विचारतात, पेट्रोल संपलं काय. मी म्हटलं, संपलं अण्णा, तुमचं स्वल्प द्या." तिच्या जागी मी असते तर लाजेनं दुसरी बाग शोधली असती. आमच्यात सगळ्यांत वेगवान तीच होती, आणि हळू धावायची लाज फक्त तिला वाटत नव्हती.

माझी नडगी दुखायला लागली होती. कुणाला बोलले नाही. एका सकाळी पायच टेकवेना, तेव्हा बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं फुटपाथच्या कडेला बसले. अक्का तिच्या चालीनं आली, समोर उकिडवी बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. डोळ्यांत पाणीच आलं.

"कधीपासून?"

"आजच."

"आजच म्हणे. रोज घसा कोरडा करून सांगते, निधान, निधान. ऐकू येत नाही काय तुला?"

"येतं की. पण निदान काय, अक्का? तुम्ही पुढचं सांगतच नाही."

ती बघतच राहिली. "पुढचं काय सांगायचं? निधान म्हणजे सावकाश."

"हे कानडी आहे?"

"कानडी कुठलं? आमच्या घरात सगळे म्हणतात. मराठीच की." मग तिलाच शंका आली. ती माझ्याशेजारी कडेला बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

"सरांना सांगू नका," मी म्हणाले. "परत पाठवतील."

"लपवलंस तर पाठवतील. सांगितलं तर बर्फ देतील. मी सांगते."

तसंच झालं. आधी बर्फ आणि विश्रांती, मग नुसती सावकाश धाव. अक्काची स्वतःची मोठी शर्यत जवळ आली होती, तरी तिनं आपले हलके दिवस माझ्या दिवसांशी जुळवून घेतले. आता ती पुढे असायची आणि मला मागे ठेवायची. तिच्या खांद्यांकडे बघत मी हळू धावायला शिकले. वेगात धावण्यापेक्षा ते कितीतरी अवघड होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांनी चाचणी घेतली. शिट्टी झाली तशा बाकीच्या मुली सुसाट निघाल्या. डोळ्यांपुढे खाटेखालची बॅग. कुंपणाशी अक्का उभी होती. दर फेरीला एकच शब्द, "निधान." मी मागेच राहिले. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा तिच्यासमोरून गेले, तर ती काहीच बोलली नाही. खिशात हात घालून नुसती बघत होती. मग मी सुटले.

पहिली नाही आले. पण पुढच्या बऱ्याचजणींना गाठलं. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जेवून घे. उद्या सकाळी वेळेवर ये."

त्या संध्याकाळी मी बॅग रिकामी केली, कपडे खोलीतल्या कपाटात लावले. कपाटाला कुलूप नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्कानं चिकपेटहून आणून दिलं, दोन किल्ल्यांसकट. त्यातली एक मी तिलाच ठेवायला दिली. अजून तिच्याकडेच आहे.