रफिकभाई आणि जर्मनीतली भाकरी

रफिकभाई गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून त्याच्या संगणकात डोकावत. अमरावतीच्या त्यांच्या नेट कॅफेत याला कुणी हरकत घेत नसे. मी नवा होतो, म्हणून दचकलो. मागून आवाज आला, "हा इतिहास होय?"

पडद्यावर भाकरीचा फोटो होता.

मी शेंदूरजनाघाटहून स्पर्धा परीक्षेसाठी आलो होतो. शेतीचे दिवस वाईट होते. बाबांनी बजावलं होतं, "यंदा पास झाला तं साहेब, नाई तं बागेत ये." मी प्रश्नपत्रिका शोधायला कॅफेत जायचो आणि ब्लॉग वाचत बसायचो. त्यातला लाडका ब्लॉग जर्मनीत राहणाऱ्या एका अकोल्याच्या बाईंचा. तिथल्या पिठाची भाकरी थापायचा त्यांचा खटाटोप चालला होता आणि भाकरी दर वेळी फाटत होती. मुघलांच्या सनावळीपेक्षा मला तिची काळजी जास्त.

"अभ्यास कर ना बे," रफिकभाई म्हणत. "बाप तिकडं संत्र्याले पाणी देऊन राहिला अन् तू इथं भाकऱ्या पाहून राहिला." एवढं बोलून जात आणि थोड्या वेळानं स्टूल घेऊन परत येत. "मंग? फुगली काय?"

ते स्वतः अकोल्याचे, उर्दू शाळेत शिकलेले. वऱ्हाडी फर्डी बोलत, पण मराठी वाचताना अक्षर अक्षर जोडावं लागे. म्हणून मी मोठ्यानं वाचायचो. लोडशेडिंग सुरू झालं की ते बाकीची यंत्रं बंद करत आणि इन्व्हर्टरवर फक्त माझं चालू ठेवत. कुरकुरणाऱ्यांना सांगत, "पोराची परीक्षा आहे भाऊ." मी गंभीर चेहऱ्यानं पुढची पोस्ट उघडायचो.

पूर्वपरीक्षेतून कसाबसा निसटलो. मुख्य परीक्षा जवळ आली तशी त्यांनी माझ्या यंत्राची नेटची वायरच काढली. "आता भाकरी बंद. मीबी नाई ऐकत. दोघायचाबी रोजा."

निकाल त्यांच्याच कॅफेत पाहिला. त्यांनी यादी वरून खाली नेली, परत वर आणली, पुन्हा खाली. माझं नाव नव्हतं.

"काहून रे? अभ्यास तं केला होता."

मग मी निबंधाचं सांगितलं. विषय होता कोरडवाहू शेती. हात असा चालला की थांबेना आणि शेवटी मी लिहून आलो: 'ठिबक सिंचनाविषयी पुढच्या पोस्टमध्ये. तुम्हाला काय वाटतं? प्रतिक्रिया जरूर कळवा.'

रफिकभाईंनी स्टूल जवळ ओढलं.

"अन् पेपर तपासणाऱ्यानं नापास केलं?"

"हो."

"म्हंजे शेवटपर्यंत वाचलं त्यानं," ते म्हणाले. मग दोघांनाही हसू आवरेना. शेजारच्या पोरानं हेडफोन काढून आमच्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी मी गावी निघालो. ते स्टँडवर आले, बॅग वर चढवली, खिडकीशी उभे राहिले.

"बागेत बसून तूबी लिहत जाजो. झाडाचं, बापाचं, कायीबी."

"वाचणार कोण, रफिकभाई?"

"मी हाओ ना." गाडी हलली तसे ते दोन पावलं सोबत चालले. "फक्त सोपं लिहिजो, बावा. आता मले सोताच वाचा लागन."